थांबणाऱ्यांची जत्रा

आमच्या धाराशिव जिल्ह्यात ‘सहल’ हा शब्द शाळेने आणला. त्याआधी सगळे घर मिळून बाहेर पडण्याचे प्रसंग दोनच. एक वेळ अमावस्या आणि दुसरा जत्रा. वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, घर स्वतःच्याच शेतात जाते. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी आणि आंबिलीचे जेवण होते, गावातल्या बिनशेतीच्या माणसांनाही आग्रहाने बोलावले जाते. जत्रेला मात्र शिव ओलांडून जायचे असते. आजी कधी ‘फिरायला जाऊ’ असे म्हणाल्याचे मला आठवत नाही. त्या म्हणायच्या, ‘देवीला जाऊन येऊ.’ त्या तीन शब्दांत नवससायास होते, बांगड्या-भांड्यांची खरेदी होती, माहेरच्या माणसांची भेट होती आणि ज्याला आज आपण सांस्कृतिक कार्यक्रम म्हणतो तोही होता.

हा कार्यक्रम रस्त्यावर होत असे. त्याला मांडव नव्हता, तिकीट नव्हते, निमंत्रणपत्रिका नव्हती. आज शहरांत भिंतींवर मोठी चित्रे काढतात आणि त्याला रस्त्यावरची कला म्हणतात. ती चांगलीच आहे. पण आपल्याकडची रस्त्यावरची कला भिंतीवर नव्हती, ती चालत होती. ती कशी जगली आणि कशामुळे आटली, याविषयी थोडे बोलावे म्हणतो.

आधी जिल्ह्याचे पंचांग पाहू. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून खाली आमराईकडे येते आणि वाटेतल्या शेतात भाविक चुनखडीचे खडे वेचतात. लहानथोर सगळेच वाकून खडे गोळा करताहेत, हे दृश्य ज्याने पाहिले तो विसरत नाही. हा चुना देवळाला देण्याची परंपरा सांगतात. म्हणजे जत्रेला आलेले कुटुंब नुसते बघे नसते, देवळाच्या भिंतीला त्याचाही हात लागतो. पुढे चैत्र वद्य त्रयोदशीला तेरला गोरोबाकाकांची यात्रा. तेर म्हणजे प्राचीन तगर, ज्याचा उल्लेख ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. सातवाहनकाळी व्यापारासाठी गजबजलेले हे गाव आज टाळ-मृदंगासाठी गजबजते. जिल्ह्याच्या गावी हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा उरूस भरतो आणि त्यात दोन्ही समाजांची घरे पोराबाळांसह येतात. आणि सगळ्यांत मोठा सोहळा तुळजापूरचा. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना, मग रथ, मुरली, शेषशायी, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी अशा अलंकार महापूजा, दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. सीमोल्लंघनाला ती साड्यांमध्ये लपेटून पालखीत बसते आणि बाहेर येते. त्यानंतर नगरहून आलेल्या पलंगावर देवीची श्रमनिद्रा, ती कोजागरी पौर्णिमेपर्यंत. ज्या देवीलाही वर्षातून एकदा शिव ओलांडावीशी वाटते, तिच्या मुलखात माणसे घरात कशी बसणार?

माझे वडील त्यांच्या लहानपणच्या, म्हणजे १९४० च्या आसपासच्या, तुळजापूरच्या वारीचे वर्णन करत. आमचे गाव ढोकीच्या बाजूचे. बैलगाडीने जायचे म्हणजे वाटेत मुक्काम आलाच. गाडीत धपाटी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची घागर. बैल दमले की थांबायचे, ऊन चढले की थांबायचे, विहीर दिसली की थांबायचे. आणि जिथे गाड्या थांबत तिथे कलावंत असत. पहाटेच्या मुक्कामावर मोरपिसांच्या टोपीचा वासुदेव येई. दुपारी झाडाखाली नंदीवाला मान हलवणारा बैल घेऊन येई. कधी फौजदाराच्या वेषात कोणी येऊन मोठ्या आवाजात जबाब घेऊ लागे. बायका घाबरत, मग हसत, कारण तो आमच्याकडचा रायरंद, म्हणजे बहुरूपी असे. तुळजापूर जवळ येऊ लागले की कवड्यांच्या माळा घातलेले आराधी दिसत. त्यांच्या हातात परडी, पेटता पोत आणि मुखी ‘उदो उदो’चा गजर. वडील म्हणत, देवीचे दर्शन क्षणाचे, पण वाटेवरचे दर्शन दोन दिवसांचे.

या सगळ्यांत गोंधळ ही गोष्ट मोठी. गोंधळी दोन परंपरांचे सांगतात. तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. लग्नकार्यानंतर घरी गोंधळ घालतात तेव्हा चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटवतात. संबळ कमरेला बांधलेला, त्याची दोन तोंडे दोन वेगळ्या आवाजांची, सोबत तुणतुणे आणि झांज. मग नायक एकेका दैवताला नाव आणि गाव घेऊन बोलावतो. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशी यादी रात्रीच्या शांततेत लांबत जाते. ज्या बाईने आयुष्यात तालुका ओलांडला नाही तिच्यासाठी हा महाराष्ट्राचा नकाशा होता, आणि तो तिला तोंडपाठ होता. पुढे आख्यान सुरू झाले की साथीदार मधेमधे भाबडे प्रश्न विचारतो, नायक उत्तर देतो, आणि पुराणातल्या राजाच्या गोष्टीत हळूच गावच्या सावकाराची थट्टा येऊन जाते. शाळा नसलेल्या गावात इतिहास, भूगोल आणि विनोद या तिन्ही विषयांचा तास एका रात्रीत होत असे.

चित्रांचेही असेच. चित्रकथी हातात चित्रांची पोथी घेऊन गावोगाव फिरत. एक चित्र उचलायचे, त्याच्यावरची कथा गायची, मग दुसरे. रामायण-महाभारतातले युद्ध समोर उभे राही. आपल्या मराठवाड्यातले पैठण या चित्रांसाठी अभ्यासकांना माहीत आहे. तिकडे मिळालेल्या चित्रांवरून ‘पैठण शैली’ असे नाव रूढ झाले. आज ही परंपरा जिवंत दिसते ती सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अनेकांना चित्रकथी हा शब्द पहिल्यांदा कळला. म्हणजे रस्त्यावरचे चित्र आपल्याला नवे नाही. फक्त पूर्वी चित्र माणसांकडे चालत येत होते, आता माणूस चित्रासमोरून गाडीने जातो.

या जत्रांना आणखी एक अर्थ होता. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. धाराशिवला सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद म्हणत आणि हे नाव सरकारदप्तरी २०२३ पर्यंत चालले. संस्थानात सभा घ्यायची तर आधी परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी शिवीसारखे असे. जिथे भाषणाला मुभा नाही तिथे कीर्तन, मेळा आणि जत्रा यांना वेगळेच मोल येते. हजार माणसे एका जागी जमली आहेत आणि त्यासाठी कोणाचा शिक्का लागलेला नाही, हा अनुभव साध्या कुटुंबाला जत्रेतच मिळत होता. कीर्तनकाराच्या दृष्टांतातून काय सुचवले जात आहे, हे ऐकणाऱ्यांना बरोबर कळत होते.

मग ही कला आटली कशी? टीव्हीने मारली, असे आपण चटकन म्हणतो. मला वाटते, सुरुवात त्याआधी झाली आणि ती प्रवासाच्या वेगातून झाली. आपल्या भागात पहिली आगगाडी आली ती बार्शी लाइट रेल्वेची. अडीच फुटी रूळ, छोटे डबे. १८९७ साली ती आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावली, १९०६ साली पंढरपूरला पोचली आणि १९११ साली येडशी, ढोकीवरून लातूरला. ही गाडी इतकी निवांत की चालत्या डब्यातून उतरून, शेतातल्या शेंगा घेऊन पुन्हा चढता येते, अशी तिची थट्टा होई. थट्टेत अतिशयोक्ती असली तरी एक खरे होते, ही गाडी थांबायची. स्टेशनावर पाणी भरेपर्यंत तुणतुणे वाजायचे, गाणे पुरे व्हायचे, डब्यातून हात बाहेर यायचे. पुढे एसटी आली. माझे बालपण एसटीचे. १९७० च्या सुमारास आम्ही सकाळी निघून संध्याकाळी देवीहून परत येत असू. आईला ही मोठी सोय वाटे आणि ती होतीच. पण वडिलांचे दोन दिवसांचे वाटेवरचे दर्शन आमच्या वाट्याला स्टँडपासून महाद्वारापर्यंतच्या गर्दीएवढे आले. आज आमची नातवंडे चारपदरी महामार्गाने मोटारीत येतात. वाहनतळ ते दर्शनरांग एवढेच त्यांचे तुळजापूर. कला तिथेच उभी आहे असे धरले, तरी तिच्यासमोर थांबायला कोणी नाही.

गावांची रचनाही बदलली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. हजारो माणसे झोपेत गेली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून ५२ गावे नव्या जागी वसवली. घरे भक्कम झाली, रस्ते रुंद आणि सरळ झाले. त्या दुःखातून उभ्या राहिलेल्या गावांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु अशा एका गावात मला एका वृद्ध संबळवाल्याने विचारले, ‘आता वाजवायचं कुठं उभं राहून?’ जुन्या गावात वेशीपासून पारापर्यंत एकच वाट होती. तिथे संबळ वाजला की सगळ्या आळ्यांना ऐकू जाई. नव्या गावात चौक बरेच, पण एकही चौक सगळ्यांचा नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, जुने ते सोने एवढेच सांगायचे आहे का? तसे नाही. नाण्याची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे मांडता येणार नाही. जत्रा ही आमच्या घराची हौस होती. ती कलावंताच्या घराची मजुरी होती. आमचे कुटुंब गाडीत बसून बघत होते आणि समोरचेही कुटुंबच होते. पोतराज अंगावर कोरडे ओढत असे, तेव्हा त्याची बायको डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेऊन उभी असे आणि मुलगा आमच्याकडे हात पसरून येत असे. तो मुलगा आमच्याच वयाचा होता. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी माझ्या बहिणीएवढी होती. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि जत्रा संपल्यावर शाळेत गेलो. ती दुसऱ्या गावच्या जत्रेला गेली.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या पुस्तकात या फिरस्त्यांची मोठी यादी आहे, आणि तिचा सूर कौतुकाचा नाही. इतक्या मागत्यांना कुणब्याने पोसायचे तरी कसे, असा त्यांचा रोख आहे. दुष्काळी मुलखात हा प्रश्न खोटा नव्हता. पण पसाभर ज्वारी देणाऱ्याला ते दान वाटत होते आणि घेणाऱ्याला तो कामाचा मोबदला वाटत होता, हा फरक कधी मिटला नाही. पुढे कायद्यानेही तो मिटवला नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातली भीक मागण्याची व्याख्या वाचून पाहावी. सार्वजनिक जागी गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या किंवा खेळ करण्याच्या निमित्ताने पैसे घेणे हेही तिच्यात येते. म्हणजे वासुदेव, गोंधळी, डोंबारी यांची कला कागदावर भिकेचे निमित्त ठरली. एकीकडे सरकार लोककलांना पुरस्कार देते आणि दुसरीकडे तीच कला रस्त्यावर केली तर तिची अशी गणना होऊ शकते. ही विसंगती आपल्याला फारशी बोचत नाही, कारण ती आपल्या घरापर्यंत येत नाही.

ज्यांच्या घरापर्यंत ती आली त्यांनी पुढे स्वतः लिहिले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गायकवाड लातूर तालुक्यातल्या धनेगावचे, आणि १९८२ पर्यंत लातूर हे आपल्याच जिल्ह्यात होते. ही दोन्ही पुस्तके कलावंतांविषयी नाहीत, पण पालातून आणि पोलिसांच्या नजरेखालून रस्ता कसा दिसतो ते त्यांनी दाखवले. रा. चिं. ढेरे आणि प्रभाकर मांडे यांच्यासारख्या संशोधकांनी या उपासकांच्या परंपरा नोंदवून ठेवल्या हे आपले भाग्य. परंतु परंपरा नोंदवणे वेगळे आणि ती पोटासाठी पाठीवर वागवणे वेगळे. म्हणून एखाद्या गोंधळ्याचा मुलगा शिक्षक झाला, पोतराजाच्या मुलाने जटा कापून नोकरी धरली, तर कला गेली म्हणून हळहळण्याआधी त्याचे अभिनंदन करायला हवे.

मग वाचवायचे ते काय? गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात दोन मोठे उत्सव झाले. एप्रिल २०१७ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन झाले, अध्यक्ष जयंत सावरकर. जानेवारी २०२० मध्ये ९३ वे साहित्य संमेलन झाले, अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आणि संमेलननगरीला नाव होते संत गोरोबाकाकांचे. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याने हे दोन्ही सोहळे अंगावर घेतले याचा मला अभिमान वाटतो. अशा सोहळ्यात माणसे आपल्या मुलांना खांद्यावर घेऊन येतात, पुस्तकांच्या दुकानांतून फिरतात, कुणाला तरी दुरून पाहून खूश होतात. हीसुद्धा जत्राच. व्यासपीठाने लोककलावंताला मानधन दिले, शाल दिली, नावापुढे आदर दिला. रस्त्याने ते कधी दिले नव्हते. पण व्यासपीठावर गोंधळाला वीस मिनिटे मिळतात. नायकाने दैवतांना बोलावून होईपर्यंत निवेदक घड्याळ दाखवतो. प्रेक्षक खुर्चीत असतो, म्हणून साथीदाराच्या प्रश्नाला गर्दीतून उत्तर येत नाही. कलावंताला मान मिळाला, पण समोरचा माणूस थोडा दूर गेला.

मला वाटते, मान व्यासपीठाचा आणि जवळीक रस्त्याची, या दोन्ही गोष्टी एकत्र आणता येतील, आणि त्याचा धडा आपल्याच जिल्ह्यात दरवर्षी गिरवला जातो. कोजागरी पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला लाखो माणसे पायी येतात. अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. त्यांच्यात आजी असते, सून असते, खांद्यावर झोपलेले पोर असते. घरी मोटारसायकल असलेला माणूसही त्या रात्री चप्पल काढून चालतो. रस्त्याच्या कडेला कोणी चहा देतो, कोणी केळी. मोटारींना त्या वाटेवर वळसा घालावा लागतो. वेगासाठी बांधलेला रस्ता एका रात्रीपुरता पावलांच्या ताब्यात येतो. आणि चालणारा माणूस थांबतो. संबळाचा आवाज आला की थांबतो, पोत पेटलेला दिसला की थांबतो, मुलाला पुढे करून दाखवतो.

याचा अर्थ साधा आहे. ऐकणारे संपलेले नाहीत, त्यांची थांबण्याची जागा आणि वेळ संपली आहे. ती देणे अवघड नाही. प्रत्येक यात्रेच्या ठिकाणी वाहनतळापासून देवळापर्यंतच्या वाटेवर कलावंतांसाठी सावलीचे चार कट्टे असावेत, त्यावर त्यांचे नाव आणि गाव लिहिलेले असावे, आणि तिथे बसण्याचा त्यांना हक्काचा परवाना असावा, म्हणजे कोणी त्यांना उठवणार नाही. त्यांच्या मुलांची शाळा यात्रेच्या हंगामात सुटणार नाही अशी वसतिगृहाची सोय असावी. ज्याला ही कला सोडायची त्याला ती सोडता यावी आणि ज्याला करायची त्याला ती मानाने करता यावी.

आणि आपण, म्हणजे जत्रेला जाणारी घरे, काय करू शकतो? पुढच्या वेळी देवीला जाल तेव्हा गाडी थोडी अलीकडे लावा. संबळ वाजत असेल तर मोबाइलवर चित्रण करून लगेच पुढे जाऊ नका. आख्यान संपेपर्यंत मुलांना घेऊन बसा. वाजवणाऱ्याला नाव विचारा, गाव विचारा, मुले कितवीत आहेत ते विचारा. पैसे द्याल ते नाण्याने नव्हे, एखाद्या कार्यक्रमाचे तिकीट काढताना देता तसे, हातात द्या. तेवढ्या अर्ध्या तासाने दर्शनाच्या रांगेत तुमचा नंबर थोडा मागे जाईल. माझ्या आजीचा तो नेहमीच मागे जात असे.